रोज सकाळी शिंका आणि गळणारं नाक. नाकात स्प्रे मारला तर त्याची सवय लागते का?

तुम्ही लिहिलंय की उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा सुरू होतो, डोळे खाजतात, सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. डॉक्टरांनी फ्लुटिकासोनचा स्प्रे दिलाय, पण ‘सवय लागेल’ असं कुणीतरी सांगितल्यामुळे तो कपाटात पडून आहे. माझं मेडिकल आहे आणि धुळीची ॲलर्जी मलाही आहे, म्हणून सांगतो: तो स्प्रे बाहेर काढा.

सवय लागते ती नाक झटपट मोकळं करणाऱ्या थेंबांची. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन ही त्यातली नावं. त्यांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. पण तीन ते पाच दिवसांपुढे वापरले, तर असर ओसरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. अशी ठरलेली गिऱ्हाइकं आमच्याकडे आहेत. दोन बाटल्या एकदम नेतात, एक उशाशी ठेवायला, एक ऑफिसच्या बॅगेत.

फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांचं तसं नाही. हे स्टेरॉइड आहे हे खरं, पण डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि रक्तात फारच थोडं उतरतं. सतत चोंदणाऱ्या, गळणाऱ्या नाकावर गोळीपेक्षा हा जास्त लागू पडतो. मात्र पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे रोज घ्यावा लागतो. लोक दोन दिवस मारतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणून बाटली परत करायला येतात! काचबिंदू असेल किंवा दम्याचा स्टेरॉइडचा पंप चालू असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

निम्मं अपयश मारण्याच्या पद्धतीत असतं. आधी नाक शिंकरा, बाटली हलवा, मान किंचित खाली. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या. म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला की तिथे कोरडं पडून रक्त येतं. जोरात ओढू नका. घशात कडवट चव आली, तर औषध नाकात थांबलंच नाही असं समजा.

गोळी शिंका आणि खाजेवर चांगली. सेटिरिझिनने झोप येत असेल तर फेक्सोफेनाडिन विचारा. ती पाण्याबरोबर घ्यायची, फळांच्या रसाबरोबर नाही. मॉन्टेलुकास्ट मिसळलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. त्या औषधाने मूड बिघडणं, वाईट स्वप्नं, क्वचित आत्महत्येचे विचार असे त्रास होऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, 2020 मध्ये त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. माझ्या मते तीही कारण विचारल्याशिवाय महिनोन्‌महिने घेऊ नये.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचाही फायदा होतो, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं थेट नको, त्यातून क्वचित मेंदूपर्यंत जाणारा अमीबा शिरू शकतो. सकाळीच त्रास होतो म्हणजे गादी-उशीतल्या माइट्सचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांचा, संशय घ्यायला जागा आहे. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. घराजवळ गाजर गवत माजलं असेल तर तेही एक कारण असू शकतं.

‘कायमचं बरं होईल का’ याचं सगळ्यात जवळचं उत्तर इम्युनोथेरपी. ज्याची ॲलर्जी आहे तेच अगदी थोडं थोडं इंजेक्शनने किंवा जिभेखाली देत शरीराला सरावाचं करायचं. साधारण तीन ते पाच वर्षं चालते, खर्चिक आहे आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आधी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करून नेमकं कारण सापडायला हवं. ‘हाड वाढलंय’ म्हणून ऑपरेशन सुचवलं असेल, तर त्याने चोंदलेलं नाक मोकळं होईल, ॲलर्जी तशीच राहील. आणि नाकाची एकच बाजू सतत बंद असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा रात्री छातीत शिट्टी वाजत असेल, तर मेडिकलवाल्याला विचारत बसू नका, थेट डॉक्टरांना गाठा.