'जेआरएफ' नेमकी कोणाच्या नावावर?

प्रश्न : नागपूर विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. झालो, ५९ टक्के. कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये (विचार, स्मृती यांमागचे मेंदूचे काम अभासणाऱ्या शास्त्रात) पीएच.डी. करायची आहे, पण घरून पैसे मिळण्यासारखे नाहीत. एका संशोधन प्रकल्पात 'जेआरएफ'ची (ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणजे कनिष्ठ संशोधकाची) जागा निघाली आहे. ती घेतली की काम झाले का? आमच्या विभागात ईईजीचे (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत संकेत टिपण्याचे) यंत्र नव्हते, याचा तोटा होईल का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नाही, लगेच काम झाले असे समजू नका. प्रकल्पातली 'जेआरएफ' आणि नेट परीक्षेतून मिळणारी 'जेआरएफ' अधिछात्रवृत्ती (संशोधनासाठीचे विद्यावेतन), नाव एकच असले तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्पातली जागा ही मुदतीची नोकरी असते. प्रकल्प संपला की मानधनही थांबते आणि पीएच.डी.ची नोंदणी आपोआप होत नाही. तीन वर्षांच्या प्रकल्पाचे दीड वर्ष आधीच सरलेले असेल, तर प्रबंध अर्ध्यावर असतानाच खिसा रिकामा होतो. म्हणून मुलाखतीतच विचारा : प्रकल्पाचे किती महिने उरले आहेत? नोंदणी कुठे आणि कधी?

नेटची (राष्ट्रीय पात्रता परीक्षेची) जेआरएफ मात्र तुमच्या नावावर मिळते. पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि घरभाडे भत्ता वेगळा. परीक्षा वर्षातून दोनदा होते. तीन तासांत १५० प्रश्न, ३०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. नेटसाठी तुमचे ५९ टक्के पुरेसे आहेत. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षे, पण महिला आणि राखीव प्रवर्गांना सूट आहे. 'फक्त पीएच.डी.साठी पात्र' असा निकाल लागला तर ते गुण वर्षभरच चालतात. त्यातून प्रवेशाचा मार्ग मोकळा होतो, पैसे मिळत नाहीत. इथेच पुष्कळांची फसगत होते. ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी प्रवर्गात असाल तर 'महाज्योती' या राज्य सरकारच्या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीची जाहिरात पाहा. तिचे मुख्यालय नागपुरातच आहे.

अर्जासाठी अलाहाबाद विद्यापीठाचे वर्तन व बोधन विज्ञान केंद्र, आयआयटी कानपूर, आयआयटी गांधीनगर यांकडे पाहा. गेट या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेच्या 'एक्सएच' (मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे) पेपरमध्ये मानसशास्त्राचा पर्याय आहे, तोही हाताशी असू द्या.

यंत्र नव्हते याची फार काळजी नको. 'ओपनन्यूरो' या संकेतस्थळावर खरा ईईजी डेटा फुकट मिळतो. 'एमएनई-पायथन' या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडून नको असलेले संकेत गाळणारे फिल्टर लावा, पापणीच्या उघडझापीचे संकेत वेगळे काढा. पुढे प्रत्यक्ष ईईजी घेताना केसांचे तेल आणि आपल्या उन्हाळ्यातला घाम दोन्ही नडतात. तेलाने इलेक्ट्रोडचा विद्युतरोध वाढतो, घामाने ईईजीची रेषा हळूहळू सरकते. म्हणून सहभागींना आदल्या दिवशीच न्हाऊन, तेल न लावता यायला सांगतात. 'सायकोपाय' या मानसशास्त्रीय प्रयोगांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा प्रयोगही बांधून पाहा. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एक चौकट (फ्रेम) १६.७ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे चित्र नेमके २० मिलिसेकंद दाखवता येत नाही. ते १६.७ किंवा ३३.३ इतकेच दिसते. मुलाखतीत व्याख्यांपेक्षा असलेच प्रश्न जास्त येतात.