अमेरिकेत सहाशे-सातशे वस्तीच्या गावात काउंटीचे मुख्यालय कसे टिकते?

आपण विचारले आहे की अमेरिकेत काही काउंटींचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागांचा) कारभार एखाद्या खेड्यातून का चालतो आणि तो जवळच्या मोठ्या गावी का नेला जात नाही. सर्वच ठिकाणांबद्दल मी सांगू शकणार नाही; पण कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोऱ्यातले इंडिपेंडन्स हे गाव मी पाहिले आहे आणि त्याची कहाणी मला फार महत्त्वाची वाटते.

2010 च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या 669 होती. गावाला स्वतःची नगरपालिका नाही, तरीही डेथ व्हॅलीच्या वाळवंटाला पोटात घेणाऱ्या अवाढव्य इन्यो काउंटीचे न्यायालय येथेच आहे. 1866 मध्ये काउंटी स्थापन झाली, तेव्हा आसपास चांदीच्या खाणी होत्या आणि खाणकामगारांना धान्य व मांस पुरवणारे शेतकरी आणि पशुपालक खोऱ्यात स्थिरावत होते. त्यामुळे मुख्यालयासाठी हे गाव सोयीचे ठरले. पुढे 1872 च्या भूकंपात न्यायालयाची इमारत पडली, त्यानंतरची 1886 च्या आगीत जळाली, पण प्रत्येक वेळी ती याच गावात पुन्हा उभी राहिली. बिशप हे मोठे गाव उत्तरेला सत्तरएक किलोमीटरवर आहे. मात्र मुख्यालय हलवायचे तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो.

गाव वाढले का नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पाण्यात आहे. सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पर्जन्यछायेत असलेल्या या खोऱ्यात पाऊस नाममात्र पडतो. जे काही हिरवे दिसते, ते डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर. येथील मूळ रहिवासी असलेले पायूट लोक गोऱ्यांच्या आगमनापूर्वीच पाट काढून हे पाणी गवताळ जमिनींवर फिरवत असत. 1905 पासून लॉस एंजेलिस शहराने येथील जमिनी पाण्याच्या हक्कांसह विकत घेण्यास सुरुवात केली आणि 1913 मध्ये शहराचे अभियंता विल्यम मलहॉलंड यांनी बांधलेल्या, सुमारे 375 किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने ओवेन्स नदी शहराकडे वळवली. नदी ज्या तलावाला मिळत असे, तो काही वर्षांतच कोरडा पडला. नोव्हेंबर 1924 मध्ये खोऱ्यातील लोकांनी जलवाहिनीचे दरवाजे ताब्यात घेऊन चार दिवस पाणी वाळवंटात सोडले. 1927 मध्ये त्यांच्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या वॉटरसन बंधूंच्या बँका बुडाल्या आणि तो लढाही मोडला.

आज खोऱ्याच्या तळातील बहुतेक जमीन त्या शहराच्या मालकीची आहे आणि गुरे पाळणारी कुटुंबे तीच कुरणे भाडेपट्ट्याने घेतात. घर बांधायला खासगी जमीनच अत्यल्प असल्याने गाव पसरणार कोठे? एका दूरच्या शहराच्या तहानेसाठी येथील लोकांना आपले भवितव्य गमवावे लागले, असे माझे ठाम मत आहे, जरी याच मालकीमुळे खोरे बांधकामांपासून वाचले, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही मला नाकारता येत नाही. दीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर डिसेंबर 2006 मध्ये नदीच्या खालच्या, सुमारे शंभर किलोमीटरच्या कोरड्या पात्रात पुन्हा थोडे पाणी सोडण्यात आले, आणि इंडिपेंडन्सच्या पूर्वेला ते वाहताना दिसते.