स्क्रिप्टमधून कमांड चालवताना : वाचकांचे प्रश्न

पायथनच्या स्क्रिप्टमधून दुसरे टूल चालवण्याविषयी तेच ते प्रश्न सारखे येत असल्याने यावेळी त्यांनाच उत्तरे देत आहे.

प्रश्न : 'ओएस डॉट सिस्टिम' वापरले, पण व्हेरिएबलमध्ये आउटपुटऐवजी शून्य मिळते.

उत्तर : ते शून्य म्हणजे कमांड यशस्वी झाल्याची खूण आहे, आउटपुट हवे असल्यास 'सबप्रोसेस डॉट रन' वापरावे.

प्रश्न : मजकूर शोधणाऱ्या ग्रेप या टूलचा एक्झिट कोड (टूल संपताना देते तो आकडा) 1 येतो आणि स्क्रिप्ट थांबते. टूल बिघडले आहे का?

उत्तर : नाही. शोधलेला मजकूर सापडला नाही की ग्रेप 1 देते. खरी चूक असल्यास 2. कोणता आकडा कशासाठी, हे प्रत्येक टूलचे मॅन पेज (त्याची माहितीपुस्तिका) पाहूनच ठरवावे.

प्रश्न : ग्राहकाने अपलोड केलेल्या फाइलचे नाव जोडून कमांडची स्ट्रिंग बनवतो आणि 'शेल' हा पर्याय ट्रू ठेवतो. एका व्हिडिओत असेच दाखवले होते. स्क्रिप्ट कंपनीच्या आतलीच आहे, तेव्हा चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. हा पर्याय ट्रू केला की तुमची अख्खी स्ट्रिंग शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती जाते, आणि शेलच्या लेखी मोकळी जागा, अर्धविराम, डॉलर या प्रत्येक चिन्हाला अर्थ असतो. 'जून अहवाल' या नावाचे दोन तुकडे होतील, ही किरकोळ अडचण झाली. पण नावात अर्धविराम आणि त्यापुढे फाइली पुसणारी कमांड असेल, तर ती तुमच्या स्क्रिप्टला असलेल्या सर्व अधिकारांनिशी चालेल. लिनक्समध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि नल बाइट सोडून काहीही असू शकते. "आम्ही नावाभोवती अवतरणचिन्हे घालतो" असे पुष्कळजण सांगतात. नावातच अवतरणचिन्ह आले की तो बंदोबस्त संपला. कमांड आणि तिचे प्रत्येक अर्ग्युमेंट लिस्टमध्ये वेगवेगळे द्यावे आणि शेलला मधे आणूच नये. नाव डॅशने सुरू झाल्यास टूल त्याला पर्याय समजते, म्हणून त्याआधी पूर्ण पाथ (फोल्डरांसह पत्ता) जोडावा. व्हिडिओ करणाऱ्याला तुमचा सर्व्हर सांभाळायचा नसतो. 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' असे न म्हणता ही स्क्रिप्ट आजच सर्व्हर सांभाळणाऱ्यांना दाखवा.

प्रश्न : 'पीओपेन'ने टूल सुरू करून 'वेट' केले, की मोठ्या आउटपुटच्या वेळी स्क्रिप्ट गोठते. रॅम वाढवावी का?

उत्तर : रॅम विकणारा हो म्हणेल. आउटपुट पाइपमधून (टूलचे आउटपुट स्क्रिप्टपर्यंत आणणाऱ्या मार्गातून) घेत असाल, तर लिनक्सवर त्या पाइपची क्षमता सहसा 64 केबी असते. ती भरली की टूल पाइपमध्ये जागा मोकळी होण्याची वाट पाहते आणि स्क्रिप्ट टूल संपण्याची, दोघेही अडकतात. 'वेट'ऐवजी 'कम्युनिकेट' वापरावे आणि टाइमआउट द्यावा. किती सेकंदांचा, हे ते टूल रोज वापरणाऱ्यांना विचारून ठरवावे.

प्रश्न : टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) 'कमांड सापडली नाही' म्हणते.

उत्तर : क्रॉनचा 'पाथ', म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तोकडा असतो, म्हणून कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा.

प्रश्न : कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या टूलच्या 'स्टेटस' कमांडचे आउटपुट वाचणारी लायब्ररी एक विक्रेता वार्षिक वर्गणीवर देतो. घ्यावी का?

उत्तर : पैसे देण्यापूर्वी गिटचे मॅन पेज उघडावे. 'पोर्सलिन' हा पर्याय स्क्रिप्टसाठीच आहे आणि त्याचे स्वरूप आवृत्ती बदलली तरी स्थिर ठेवले जाते. एवढ्याने भागत नसेल, तर विक्रेत्याला नव्हे, तुमच्या टीममधल्या जाणत्याला विचारावे.