स्कूबा डायव्हिंग करताना मासे खरंच अंगावर येतात का?

येतात. चावतातसुद्धा. पण तुम्ही पहिल्यांदाच मालवणला निघालाय आणि प्रश्नात शार्कबद्दल विचारलंय, म्हणून सांगते, शार्कची काळजी सोडा. मी पाण्यात कुणाला वचकून असेन तर टायटन ट्रिगरफिशला. या माशावरून आमच्या भाऊजींचं (थोरल्या बहिणीचे यजमान) आणि माझं बरीच वर्षं वाजतंय, त्यामुळे उत्तर लांबणार.

अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, आम्ही एकत्र उतरलो होतो. इन्स्ट्रक्टरनं बोटीवरच बजावलं होतं: वाळूत खळगा करून बसलेला मोठा ट्रिगरफिश दिसला तर लांबून जा, अंडी असतात. भाऊजी तेव्हा गोप्रोशी खेळत होते. खाली तसाच एक दिसला. कोरलचे तुकडे तोंडात धरून बाजूला टाकत होता, फुंकर मारून वाळू उडवत होता. भाऊजींना केवढी गंमत वाटली! कॅमेरा घेऊन बरोब्बर त्याच्या डोक्यावर जाऊन थांबले. हा मासा पाऊण मीटरपर्यंत वाढतो, आणि दात असे की समुद्री अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा प्राणी) आणि खेकडे फोडून खातो.

आधी तो कुशीवर कलला आणि एका डोळ्यानं वर बघायला लागला. मग पाठीवरचा काटा ताठ उभा केला. याहून स्पष्ट ताकीद कुठला मासा देणार? पुढच्या क्षणी तो सरळ वर आला आणि भाऊजींच्या फिनला, म्हणजे पायात घालायच्या पोहण्याच्या वल्ह्याला, डसला. भाऊजी वर सुटले. नेमकं हेच करायचं नसतं. त्याची हद्द नरसाळ्यासारखी असते, खाली खळग्याशी अरुंद आणि वर रुंद होत जाणारी. वर जाल तितके त्याच्याच हद्दीत राहाल. आडवं निघायचं, तोंड त्याच्याकडे आणि फिन मध्ये धरून. मी त्यांच्या बीसीडीचा (हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटचा) पट्टा धरून त्यांना आडवं ओढलं. थोडं अंतर गेल्यावर मासा वळला आणि मुकाट खळग्याशी परत गेला. बोटीवर पाहिलं तर फिनच्या कडेचा अर्धगोल तुकडा गायब.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात भाऊजींची कथा ठरलेली: "मी शांतपणे पोहत होतो, कारण नसताना हल्ला केला." कारण होतं हो, त्यांच्याच व्हिडिओत आहे. काटा उभा दिसतोय, खळगाही दिसतोय. चाव्याचं सोडा, श्वास रोखून झपकन वर जाणं जास्त भयंकर. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं.

भाऊजींचा दुसरा मुद्दा: "मालवणला तर लोक हातानं पाव घालतात, तिथं कुठं कोण चावतं?" चावतात, फक्त मासे लहान असल्यानं चिमटा काढल्याइतकंच वाटतं. अंगावर पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे बोटांना लोचतात तेव्हा लोक फोटोसाठी हसत असतात. पण आपण माशाला शिकवतोय काय? हात म्हणजे खाऊ. थायलंडच्या सिमिलन बेटांपाशी मोरे ईलला (सापासारखा लांबट मासा) सॉसेज भरवणाऱ्या एका डायव्हरचा अंगठाच ईलनं तोडून नेला. मोरेला नीट दिसत नाही, ती वासावर चालते. सॉसेज कुठलं आणि अंगठा कुठला हे तिला कसं कळावं? आणि मालवणचा तो पट्टा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथं पावाचे तुकडे विकणाऱ्यांचा आणि घेणाऱ्यांचा मला सारखाच राग येतो.

बाकी तुम्हाला मालवणला उथळ पाण्यात गाइड धरूनच नेईल, तेव्हा वरचं ट्रिगरफिशपुराण बहुधा कामी येणार नाही. हां, एक राहिलं. लायनफिश, स्टोनफिश, अर्चिन, पाकट ही मंडळी अंगावर येत नाहीत, आपणच हात किंवा पाय ठेवतो. लायनफिश, स्टोनफिश किंवा पाकटीचा काटा लागला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात ती जागा बुडवा आणि दवाखाना गाठा. खडकाला हात लावू नका. गाइडनं पाव पुढं केला तर नको म्हणा, आणि आमचे भाऊजी भेटले तर फिन कुठली ते विचारा.