यंत्र एकराचे, बाग कलमांची : कोकणातील बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तर

गेल्या महिन्यात आमच्याकडे, म्हणजे कृषी खात्याकडे, आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच विषयाभोवतीचे आहेत. देवगडच्या एका आंबा बागायतदारांकडे शेती-तंत्रज्ञानाच्या एका स्टार्टअपचे प्रतिनिधी आले असून बागेत हवामान यंत्र बसवून मोबाइलवर फवारणीचा सल्ला देण्यासाठी ते वार्षिक वर्गणी मागत आहेत. ती भरावी का, असे ते विचारतात. गुहागर तालुक्यातील एका महिला बचत गटाला फवारणीचा ड्रोन घ्यायचा आहे. लांज्याच्या एका काजू बागायतदारांपुढे कार्बन क्रेडिटचा, म्हणजे झाडांनी साठवलेल्या कार्बनाच्या मोबदल्याचा, करार सहीसाठी ठेवला आहे. आणि बारामतीत उसाला एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) आले, मग आमच्या हापूसला का नाही, हा प्रश्न तर जवळजवळ प्रत्येकाने विचारला आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत. २०१० मध्ये बेंगळुरूत क्रॉपइन, २०१२ मध्ये बिहारमध्ये देहात अशा शेती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. २०१६ च्या स्टार्टअप इंडिया मोहिमेने आणि राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून नव्या कृषी उद्योगांना मिळू लागलेल्या २५ लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाने या क्षेत्राला बळ दिले. मात्र यांतील बहुतेक साधने द्राक्ष, डाळिंब, ऊस, कापूस अशा पिकांवर, म्हणजे सपाट, सलग आणि एकसारख्या शेतावर घडली. बारामतीत २०२४ पासून उसावर चाललेला प्रयोगही तशाच जमिनीवरचा आहे. तिथे हिशेब एकराचा असतो. आपल्याकडे कातळावरची बाग, उताराची बाग आणि खाडीकाठची बाग एकाच सातबाऱ्यावर असू शकते, आणि एकाच बागेत एक कलम मोहोरलेले तर शेजारचे पालवीत असते. आमच्या खात्यालाही प्रत्येक आकडा एकरात लिहिण्याची सवय आहे, हे इथे मान्य केले पाहिजे. म्हणून समोर येईल त्या विक्रेत्याला पहिला प्रश्न असा विचारावा, की हे साधन माझ्या कलमाबद्दल काय सांगते आणि कलमामागे मला किती रुपयांना पडते.

देवगडच्या बागायतदारांना सांगावेसे वाटते, की हवामान यंत्र ही वाईट वस्तू नाही. तुडतुडा ही कीड आणि भुरी व करपा हे रोग यांचा जोर तापमान, दमटपणा आणि पानावर ओल किती तास टिकते यावर ठरतो, आणि हे यंत्र नेमके तेच मोजते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे मोहोर संरक्षणाचे वेळापत्रक आपण सर्वजण पाळतो. त्यातली एखादी फवारणी दोन दिवस पुढे-मागे करावी की टाळावी, एवढे जरी यंत्राने खात्रीने सांगितले तरी वर्गणी वसूल होऊ शकते. परंतु ते कुठे बसवले आहे, यावर सारे अवलंबून असते. मागच्या हंगामात मी एका बागेत पाहिले, की यंत्र आंब्याच्या पेट्या भरण्याच्या पडवीला लागून, पत्र्याच्या कडेखाली ठोकलेले होते. दुपारी तापलेल्या पत्र्याची झळ ते बागेचे तापमान म्हणून मोबाइलवर पाठवत होते, आणि त्यावरून आलेला सल्ला मालक श्रद्धेने वाचत होते. खांब बागेतच, भिंत आणि छप्पर यांपासून दूर रोवलेला असावा. जमिनीतील ओल मोजणाऱ्या कांडीबाबतही सावध राहावे, कारण जांभ्याच्या खडेयुक्त मातीत कांडीभोवती पोकळी राहिली की ओल असूनही ती कोरडी दाखवते. कांडी बसवताना गाळलेल्या मातीचा चिखल करून भोवती भरून घ्यावा. खाऱ्या वाऱ्याने जोड गंजतात, पावसाळ्यात विजा पडतात, आणि कातळावर रेंज नसते. यंत्र बंद पडल्यास किती दिवसांत माणूस येईल, हे वर्गणीच्या पावतीवर लिहून घ्यावे.

इथे एक गैरसमजही दूर करतो. बागेतल्या खासगी यंत्राच्या नोंदी दाखवून फळपीक विम्याची भरपाई मागता येईल, असे काहींना वाटते. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई ठरते ती महसूल मंडळासाठी अधिसूचित केलेल्या संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदींवर; तुमच्या खांबावरचा आकडा तिथे ग्राह्य धरला जात नाही.

वर्गणी भरण्यापूर्वी एक हंगाम पुढीलप्रमाणे पडताळा घ्यावा. बागेतील दहा कलमे चुन्याचा पट्टा मारून वेगळी करावीत, त्यांना यंत्राच्या सल्ल्याने आणि बाकीच्यांना नेहमीच्या वेळापत्रकाने फवारावे, आणि प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि मजुरी वहीत टिपावी. सोबत दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी ग्रामीण कृषी मौसम सेवेची सल्ला पत्रिका आणि शासनाचे महाविस्तार अ‍ॅप पाहावे, कारण ही दोन्ही मोफत आहेत. विकतचा सल्ला फुकटच्या सल्ल्याहून वेगळे काही सांगतो का, हे मार्चपर्यंत वहीतून कळेल.

गुहागरच्या भगिनींचा प्रश्न पैशांच्या दृष्टीने अधिक मोठा आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटाला किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य मिळते, आणि गटातील एका सदस्येला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. योजना चांगली आहे. मात्र ड्रोन चालायचा तो कोणाच्या शेतावर, याचा हिशेब अर्ज भरण्याआधीच मांडला पाहिजे. हेक्टरी शंभर, म्हणजे एकरी साधारण चाळीस कलमे असतात. ड्रोनची टाकी दहा लिटरची, आणि एकराला एक टाकी असा त्याचा सर्वसाधारण हिशेब. म्हणजे कलमाला पाव लिटर द्रावण. उच्च दाबाच्या एचटीपी पंपाने मोठ्या कलमाला पंधरा-वीस लिटर द्रावण लागते, हे फवारणारा कोणताही गडी सांगेल. ड्रोनमध्ये औषध तीव्र असते, हे खरे. पण ते वरून पडते.

एका प्रात्यक्षिकात मी एका जुन्या कलमावर शेंड्याला, मध्यावर आणि आतल्या फांदीला पिवळे परीक्षण-कागद टाचले होते, ज्यांवर थेंब पडला की निळा डाग उमटतो. ड्रोन फिरून गेल्यावर शेंड्याचा कागद निळ्या ठिपक्यांनी भरला होता, मधल्यावर तुरळक डाग होते, आणि आतला कागद तसाच पिवळा कोरा राहिला होता. तुडतुडे आतल्या सावलीत आणि सालीच्या भेगांतही दडतात. तेव्हा उंच, दाट कलमांना सध्या ड्रोनवर विसंबू नये. छाटणी करून बुटक्या ठेवलेल्या, नव्या घनदाट लागवडीत त्याचा उपयोग होऊ शकेल. भातावर निळे भुंगेरे किंवा लष्करी अळी आली, तर मजूर न मिळणाऱ्या गावात ड्रोन खरोखर उपयोगी पडेल, परंतु आपली खाचरे काही गुंठ्यांची, बांधावर झाडे, वर विजेच्या तारा, आणि पावसाची उघडीप मोजक्या तासांची. निदान चार-पाच गावांतील शेतकऱ्यांनी फवारणी करून घेण्याचे लेखी मान्य केल्याशिवाय गटाने उरलेल्या रकमेचे कर्ज अंगावर घेऊ नये. ड्रोन नियम, २०२१ नुसार नोंदणी क्रमांक आणि चालकाचे प्रमाणपत्र आवश्यक आहे, आणि औषधही ड्रोनने फवारण्यास मान्यता असलेलेच हवे. चिपी व रत्नागिरी विमानतळांच्या आसपासच्या बागांनी आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील ड्रोन-उड्डाणाच्या क्षेत्रांचा नकाशा पाहावा.

लांज्याच्या बागायतदारांना थोडक्यात उत्तर देतो. कार्बन क्रेडिट सर्वसाधारणपणे नव्याने लावलेल्या झाडांनी धरून ठेवलेल्या जादा कार्बनावर मिळते, आधीच उभ्या असलेल्या काजूवर सहसा नाही. तेव्हा तुमच्या जुन्या बागेवर पैसे देऊ, असे कोणी म्हणत असेल तर ते कोणत्या प्रमाणकानुसार, हे लेखी विचारावे. असे करार वीस-तीस वर्षांचे असतात. दरम्यान झाड तोडता येईल का, जमीन विकली तर काय आणि पैसे कोणत्या टप्प्यावर मिळणार, याविषयीच्या अटी आधी वाचाव्यात. आपल्या सामाईक सातबाऱ्यावर मुंबईकर भावंडांची आणि पुतण्यांची मिळून दहा-पंधरा नावे असतात, त्यामुळे एकट्याच्या सहीने केलेला करार उद्या घरातच भांडण लावू शकतो. कराराची मराठी प्रत मागून घ्यावी आणि ती सातबाऱ्यासह तालुका कृषी कार्यालयात आणावी. सही करण्यापूर्वी आम्ही ती तुमच्यासोबत बसून वाचू.