वाचकांचे प्रश्न : जुनी नाणी कशात आणि कुठे ठेवावीत?

प्रश्न : आजोबांनी जमवलेले राणीछाप चांदीचे रुपये, भोकाचे पैसे, आणे आणि अ‍ॅल्युमिनियमचे पैसे माझ्याकडे आहेत. जत्रेतून आणलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ठेवल्यापासून काही तांब्याच्या नाण्यांवर हिरवा, चिकट थर आला आहे. आमची संत्र्याची बाग आहे आणि घर जुने आहे. फार खर्च न करता ही नाणी कशी जपावीत? ती चिंच लावून घासावीत काय?
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : सर्वप्रथम नाणी त्या अल्बममधून बाहेर काढावीत. मऊ, ताणले जाणारे आणि नवेपणी उग्र वास येणारे प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असते. उष्णतेने ते हळूहळू विघटित होऊन त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, आणि ते तांब्यावर बसले की आपण वर्णन केलेला हिरवा थर तयार होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, विशेषतः पत्र्याच्या छपराखाली, ही क्रिया वेगाने घडते. हा थर काढण्यासाठी शुद्ध अ‍ॅसिटोन वापरावे, सुगंधी नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. काचेच्या वाटीत नाणे काही वेळ बुडवून ठेवावे आणि न घासता वाळू द्यावे. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेत असल्यामुळे हे काम चुलीपासून दूर, मोकळ्या हवेत करावे. चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासण्याची पावडर यांपैकी काहीही लावू नये. त्यामुळे नाण्याचा मूळ पृष्ठभाग खरवडला जातो, तो परत येत नाही, आणि जाणकार ग्राहक अशा चकचकीत नाण्याला कमीच किंमत देतो.

स्वस्त आणि सुरक्षित पर्याय म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर. ते स्टेपलरच्या पिनांनी बंद करतात. पिनांची टोके पकडीने चपटी करावीत, म्हणजे शेजारच्या नाण्याला ओरखडा जात नाही, आणि नाणे काढताना आधी पिना काढाव्यात. याहूनही कमी खर्चात भागवायचे असल्यास झिपच्या साध्या पिशव्या चालतील. प्लॅस्टिकच्या वस्तूवर त्रिकोणात आकडा छापलेला असतो : ३ म्हणजे पीव्हीसी, ते घेऊ नये, २, ४ आणि ५ म्हणजे पॉलिइथिलीन व पॉलिप्रॉपिलीन, ते घ्यावे. कडक गोल कॅप्सूल उत्तमच, परंतु त्या चार-दोन खास नाण्यांपुरत्या घ्याव्यात. भोकाच्या पैशाला कॅप्सूल आणणे मला तरी उधळपट्टी वाटते. वर्तमानपत्रात नाणी गुंडाळू नयेत, रबरबँड लावू नये आणि अ‍ॅल्युमिनियमचे पैसे तांब्याच्या नाण्यांना टेकू देऊ नयेत, कारण दमट हवेत अशा जोडीतील अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते.

होल्डरपेक्षा जागेचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. बागेच्या फवारणीसाठी आणलेली गंधकाची भुकटी आणि नाणी एकाच खोलीत असतील, तर कितीही महाग अल्बम आणला तरी चांदी काळवंडणारच. सुमारे ११.६६ ग्रॅमच्या राणीछाप रुपयात ९१.७ टक्के चांदी असते, आणि चांदीला गंधकयुक्त वाफेचे वावडे आहे. गोबरगॅसमध्येही हायड्रोजन सल्फाइड असतो, तर गोठ्यातील अमोनिया तांब्या-पितळेला बाधतो. त्यामुळे गोठ्याला लागून असलेली किंवा खते-औषधे ठेवण्याची खोली टाळावी, तसेच डांबरगोळ्यांचे कपाटही टाळावे. माळा नको आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंतही नको. आतल्या खोलीतील लोखंडी कपाटाचा मधला कप्पा बरा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वैशाखात बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असली, तरी कूलर लावलेल्या खोलीत चांगलाच दमटपणा असतो. म्हणून एप्रिलमधल्या एखाद्या दिवशी, कूलर बंद असलेल्या खोलीत नाणी घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत आणि सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात. मात्र तो तवा नंतर स्वयंपाकाला घेऊ नये. नाणे नेहमी कडेने धरावे. प्रत्येकाचे छायाचित्र आणि वजन एका वहीत नोंदवून ती वही वेगळी ठेवावी.

प्रश्न : वखरणी करताना शेतात मातीने माखलेली काही जुनी नाणी सापडली. ती संग्रहात ठेवता येतील काय?
— एक शेतकरी वाचक, जि. भंडारा

उत्तर : परस्पर ठेवू नयेत. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. तोपर्यंत नाणी धुऊ नयेत व माती खरवडू नये, कारण अभ्यासकांना त्या मातीवरूनही माहिती मिळते. प्रत्येक नाणे वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवून तीवर सापडल्याचा दिनांक, गट क्रमांक आणि अंदाजे खोली लिहावी.