नेते ‘उत्तरदायी प्रशासन’ म्हणतात, त्यातलं किती मनावर घ्यायचं?

कोल्हापुरात आलेला प्रत्येक नेता गतिमान, पारदर्शक, उत्तरदायी कारभाराचं बोलतो, त्यावर किती विश्वास ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय. मी अशा भाषणात एकच गोष्ट शोधतो: काम अडलं तर नाव कुणाचं निघणार? ते सांगितलं नसेल तर टाळ्या वाजवायच्या आणि मिसळ खाऊन घरी यायचं.

‘राजर्षी शाहूंच्या भूमीत’ म्हटल्याशिवाय आपल्याकडं माईक चालू होत नाही. पण महाराजांनी याच विषयात काय केलं ते कुणी सांगत नाही. १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. गावचं दप्तर पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात होतं, ते ज्याची बदली करता येते अशा माणसाच्या हातात आलं. आता त्याच तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. आम्ही अजून भाऊसाहेबच म्हणतो.

वडील गेल्यावर मी वारस नोंदीला गेलो होतो. करवीर तालुक्यात तीस गुंठे ऊस, सातबारा वडिलांच्या नावावर, त्यामुळं सोसायटीत पीककर्ज अडलेलं. रीत साधी आहे. फेरफार (म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) धरायचा, नोटिसा काढायच्या, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. माझे चार महिने गेले. कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर डाऊन, एकदा तर अर्जच सापडेना. पुढच्या खेपेला अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोच मागितली. टेबलामागच्या माणसानं चष्म्यावरून बघितलं.

“पोच कशाला? विश्वास न्हाई व्हय?”

म्हटलं, विश्वास हाय, सोसायटीत दाखवायला लागतंय. शिक्का पटकन उमटला, तारीखही पडली. सही करताना मात्र पेन दोनदा अडलं.

मग दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात एवढंच विचारलं की अमुक आवक क्रमांकाचा अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे आणि किती दिवस पडून आहे. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. उत्तर यायच्या आधी नोंद झाली.

म्हणजे कायदे आहेत. २००५ च्या दफ्तर दिरंगाई कायद्यानं साधारणपणे कुठलीही फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं सरकारनं यादीत जाहीर केलेली सेवा मुदतीत दिली नाही, तर ती द्यायची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. मेख अशी की पहिली दोन अपिलं त्याच खात्यातल्या वरच्या साहेबांकडं जातात, सेवा हक्क आयोग येतो तिसऱ्या अपिलाला. तिथवर जायला चपला किती झिजवायच्या? म्हणून नेत्याला विचारायचंच असेल तर हे विचारा: गेल्या वर्षी आपल्या जिल्ह्यात कितीजणांना हा दंड झाला?

सगळंच थोतांड आहे असं नाही. मुख्यमंत्री फडणवीसांनी २०२५ मध्ये सरकारी कार्यालयांना कारभार सुधारायचा शंभर दिवसांचा कार्यक्रम दिला, त्याचं मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडून करून घेतलं आणि निकाल १ मे रोजी जाहीर केला. पहिल्या पाच जिल्हाधिकारी कार्यालयांत कोल्हापूर होतं. आनंद वाटला, खोटं कशाला बोलू. निदान गुण कुणाला किती ते तरी लोकांसमोर आलं. पण ते गुण कार्यालयाचे. माझ्यासारख्याचा अर्ज कुठल्या कपाटात आहे ते त्यातून कळत नाही.

आणि महापालिकेचं काय? नोव्हेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढची पाच वर्षं प्रशासक. गटार तुंबलं तर ज्याच्या दारात जाऊन शिव्या घालाव्यात असा नगरसेवकच नव्हता. त्या काळातही उत्तरदायित्वावरची भाषणं काही थांबली नव्हती.

तुम्हाला सभेत निवेदन द्यायचं असेल तर दोन प्रती न्या. स्वीय सहायक “साहेबांच्या कानावर घालतो” म्हणत कागदाची घडी घालायला लागला, की दुसरी प्रत पुढं करा.